शोभेचे कान

५ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार,

मी फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रुसला आहात, असं जावईबापूंनी चिठ्ठी पाठवून कळवलं. आधी कारण वाचा, मग रुसायचं का ते ठरवा.

शाळांच्या रोबॉट स्पर्धेच्या समितीनं यंदा मला तपासनीस नेमलं आहे. मी वजनमापं खात्यात हयात घालवली, दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेले लोहचुंबक ओढून काढले, तेव्हा ही बाई पोरांचे रोबॉटही सोडणार नाही असं त्यांना वाटलं असावं. बरोबरच वाटलं. आता अडचण अशी की आपली भिंगरी त्याच स्पर्धेत उतरली आहे, आणि नियम असा आहे की स्पर्धा संपेपर्यंत तपासनीसानं स्पर्धकाच्या घरच्यांशी तोंडी बोलायचं नाही. जे काय ते लेखी. नियम मी केलेला नाही, पण वाचल्यावर मला आवडला.

तुम्ही विचारणारच, म्हणून स्पर्धा काय ते सांगून ठेवते. रोबॉट ठरलेल्या पेटीत मावला पाहिजे आणि ठरलेल्या वजनात बसला पाहिजे. मग तो टेबलावर सोडायचा. टेबलाच्या उजव्या कडेला रंगीत डबे ओळीनं मांडलेले असतात, त्यातला लाल कुठे ठेवायचा ते पंच ऐनवेळी ठरवतात. एकदा बटण दाबलं की मुलांनी हाताची घडी घालून उभं राहायचं, आणि रोबॉटनं स्वतःच्या अकलेनं लाल डबा ओळखून वळायचं, तो उचलून आणायचा. बाहेरून खूण, इशारा, रिमोट काही चालत नाही. सापडलं तर संघ बाद आणि वर एक वर्ष बंदी.

भिंगरीचा रोबॉट मी तपासणार नाही, तो दुसऱ्या टेबलावर जाईल. ती जेवढी तुमची नात तेवढीच माझी, हे मी अर्जात स्वतः लिहून दिलं आहे. माझी लेक तुमच्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून आपलं जे काही चालतं ते लिहायला अर्जात जागा नव्हती.

कळावे,
तुमची विहीण

११ जानेवारी

तराजूबाई, नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, वीज तोडायची नोटीस आली. तुम्हाला चहाला बोलवायचं असेल तर आता दोन प्रतींत अर्ज करावा लागेल का, तेही कळवा.

इकडचं विचाराल तर आमचं जेवणाचं टेबल आता जेवायचं राहिलेलं नाही. त्यावर ससा बसतो आणि आम्ही माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवतो. ससा म्हणजे भिंगरीच्या संघाचा रोबॉट. खाली चाकं, पुढे दोन हात, आणि वर भिंगरीनं स्वतः शिवलेले हे लांब पांढरे कान. तिची तीन मित्रमंडळी शाळा सुटली की थेट आमच्याकडे येतात, बिस्किटांचा डबा रिकामा करतात आणि त्यांच्यामागून त्यांचे रोबॉटसर येतात. हे सर गावातल्या सगळ्या मुलांना जिंकायला शिकवतात. खिशाला चार पेनं आणि जिभेवर साखर. पण माणूस कदरदान आहे.

कदरदान म्हणते त्याला कारण आहे. मी आतल्या खोलीत रियाजाला बसले होते. तुमची लेक नेहमीप्रमाणे दार लावून गेली, तिला म्हणे ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा आवाज जातो. माझा मुलगा तर कानात बोंडं कोंबूनच घरात वावरतो. शेवटची विद्यार्थिनी गाणं सोडून पोहायला गेली, तेव्हापासून मी भिंतीलाच शिकवते आहे. भिंगरी लहानपणी मांडीवर बसून ऐकायची, आता तिलाही सवड नाही. तर त्या दिवशी दार उघडलं आणि सर उंबऱ्यात उभे. म्हणाले, आजी, तो वरचा सूर परत लावा. मी वरचा सा लावला. त्यांनी खिशातून फोन काढला, त्यात सूर मोजायचा काटा असतो म्हणे, आणि माझ्यापुढे धरला. काटा जागचा हलेना. आठवडाभर रोज येऊन त्यांनी तो सा मोजला, आणि रोज काटा तिथंच. सर म्हणाले, असा सूर मी पाहिला नाही, तुम्ही स्पर्धेला यायलाच हवं. ससा लाल डब्यासमोर आला की मुलांच्या पोटात गोळा येतो, नेमकं तेव्हा तुम्ही सा लावायचा, म्हणजे त्यांना धीर येतो.

तेव्हा मीही स्पर्धेत आहे असं समजा. तुम्हाला सुरातलं काही कळत नाही हे मला ठाऊक आहे. आपल्या मुलांच्या लग्नात तुम्ही मला विचारलंत की गायला कधी सुरुवात करणार, तेव्हा माझं गाऊन संपलं होतं. मी विसरलेले नाही.

तुमची,
गाणारी विहीण

२ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

पहिली फेरी झाली. ससा पहिला आला. अभिनंदन. आता पुढचं.

सशाची तपासणी ज्या टेबलावर झाली तिथं एक तरुण इंजिनियर बसतो. त्यानं ससा पेटीत घातला तर कान बाहेर राहिले. मुलं म्हणाली कान शोभेचे आहेत. नियमात शोभेच्या वस्तूंना माप नाही, आत काय आहे तेही बघायचं नाही. इंजिनियरनं कान कुरवाळले आणि शिक्का मारला. मी खात्यात असते तर त्याला तिथल्या तिथं मेमो दिला असता.

मग मी लांबून खेळ पाहिला. पंचांनी लाल डबा दर खेपेला वेगळ्या जागी ठेवला आणि ससा दर खेपेला बिनचूक वळला. बाकीचे रोबॉट डब्याशी थांबतात, त्याच्यापुढे डोळा नेतात, चुकतात, परत बघतात. हा बघतच नाही. न बघता ज्याला कळतं त्याला कुणीतरी सांगत असतं, एवढं मी दुकानं तपासून शिकले आहे. आणि ससा वळायच्या आधी दर वेळी भिंगरीचा हात केसांतल्या क्लिपकडे जात होता.

म्हणून मी क्लिप मागितली. शांतपणे मागितली. ती स्क्रू-ड्रायव्हरनं उघडली तेव्हा आत एक स्प्रिंग निघाली. ती क्लिपचीच होती. तोवर गर्दी जमली होती, हे मला कबूल आहे. क्लिप मी भरून देईन.

ससा वळतो कसा ते मात्र मला अजून कळलेलं नाही. तुम्ही गॅलरीत होता ते दिसलं. ऐकूही आलं.

कळावे,
तुमची विहीण

५ फेब्रुवारी

तराजूबाई,

नमस्कार घालायची इच्छा नाही, पण वळण आहे म्हणून घालते.

पोटच्या लेकीची लेक, तिची झडती घेताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? ती पोर मोकळ्या केसांनी बक्षीस घ्यायला गेली. पेपरात फोटो आला त्यात तिचे डोळे सुजलेले आहेत. हात केसांकडे जातो म्हणे. अहो, ती घाबरली की केसांशी चाळा करते, हे तुम्ही तिची आजी असून तुम्हाला माहीत नाही? तुमची लेक दोन दिवस तुमच्या नावानं भांडी आपटते आहे आणि मी, मी तिची समजूत घालते आहे. हेही लिहून ठेवा तुमच्या अर्जात.

आणि ऐकूही आलं, हे असं लिहिलंय की जणू मी गॅलरीत बसून खोकत होते. पेपरात फोटोखाली छापलंय, ‘गाणारी आजी आणि जिंकणारा ससा’. लोक थांबून माझ्याशी बोलले. तुमच्या माहितीसाठी सांगते, मुलांना माझ्या सुराचा आधार आहे. सरावात एकदा माझा घसा बसला होता. त्या दिवशी ससा लाल डबा सोडून सरळ पुढे गेला आणि टेबलावरून धाडकन खाली पडला. मुलांची मनं खचली, दुसरं काय. सर संध्याकाळी स्वतः औषध घेऊन आले आणि गुळण्या कशा करायच्या ते मला समजावून गेले. मला! पण मी ऐकून घेतलं, कारण इतकी काळजी माझ्या पोटच्या मुलानं कधी केली नाही. गॅलरीत कुठल्या खुर्चीवर बसायचं तेही सर ठरवतात, सशाच्या अगदी समोरची, म्हणजे आवाज मध्ये अडू नये.

अंतिम फेरी महिनाअखेरीला आहे. जिंकलेल्या संघाला मोठ्या शिबिराला नेणार आहेत. भिंगरीनं बॅग माळ्यावरून काढून ठेवली आहे. तुम्ही त्या दिवशी घरी थांबलात तर बरं होईल.

विहीण

९ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

क्लिपबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. सोबत नवी क्लिप पाठवते आहे. भिंगरीला द्या, माझ्याकडून म्हणून सांगू नका.

समितीनं मला तपासणीवरून काढलं. अंतिम फेरीला मी पार्किंग सांभाळणार आहे, म्हणजे लेखीचा नियम तसाच. काम वाईट नाही. एक गाडी दोन गाड्यांची जागा अडवते, तिथं माझ्यासारखी बाई लागतेच.

आता तुमच्या घशाबद्दल. ते वाक्य वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला. विहीणबाई, सशाला मन नाही. मुलांची मनं खचली तर मुलं रडतील, ससा टेबलावरून पडणार नाही. त्याला वळायचं सांगायला त्या दिवशी कुणी नव्हतं, म्हणून तो पडला. मला वाटतं त्याला तुम्ही सांगता. त्या शोभेच्या कानांत ऐकायचं काहीतरी बसवलेलं आहे, आणि सरांनी फोनवर तुमचा सा मोजला तो कौतुकानं मोजला नाही.

मी मागे क्लिपबद्दल अशीच छातीठोक होते, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः बघा. घरात कुणी नसताना ससा टेबलावर ठेवा, बटण दाबा आणि गा. आधी दुसरं काही गा, मग तो सा लावा. माझं चुकलं तर तुमच्या खोलीत बसून तुमचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन, दार उघडं ठेवून. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही.

तुमची विहीण

१२ फेब्रुवारी

बाई,

क्लिपमध्ये काही सापडलं नाही म्हणून आता माझ्या गळ्यात शोधायला निघालात. माझं चांगलं झालेलं तुम्हाला कधी बघवलं नाही. तुम्ही माझं गाणं ऐकणं ही शिक्षा तुम्हाला नाही, मला होईल.

यापुढे पत्र पाठवू नये.

१६ फेब्रुवारी

तराजूबाई,

पाठवू नये लिहिलं होतं, पण आता मीच लिहिते आहे. वाचून फाडून टाका.

आज सगळे बाहेर गेले होते. मी सशाला टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. तो सरळ चालू लागला. मी मध्यम लावला, तो सरळच गेला. पडायच्या आत मी त्याला धरला आणि परत मागे ठेवला. मग मी त्याला माझी आवडती चीज गाऊन दाखवली, वरच्या सा ला न शिवता, चांगली आळवून. त्याला काही नाही. भिंतीला निदान पोपडे तरी धरतात. मग मी सा लावला.

तो वळला. बाई, तो शहाण्या मुलासारखा उजवीकडे वळला आणि हात पुढे केले. मी परत ठेवला, परत सा लावला, परत वळला. मी मुद्दाम केसभर खाली लावला तर गेला सरळ. त्याला बाकी काही कळत नाही. त्याला माझ्यातला तेवढा एकच सूर हवा आहे.

सर उंबऱ्यात उभे राहिले होते तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येत होता. मी त्यांना आतून खुर्ची आणून दिली होती हो, नीट बसून ऐका म्हणून. पेपरातलं कात्रण मी आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं, ते काढलं. मला फार लागलं आहे. हे तुम्हालाच लिहावं लागतंय याचं आणखी लागलं आहे, पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो आधी हसेल.

कान भिंगरीनं शिवलेत. आत काय ठेवलंय ते तिला माहीत नसेल असं मी स्वतःला सांगते आहे. तिला विचारायची माझी छाती होत नाही. तिची बॅग भरून झाली आहे, तुमची क्लिपही तिनं वर ठेवली आहे.

काय करू, सांगा.

तुमची विहीण

२० फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

फाडलं.

तुमचं नाव न घालता मी समितीला लिहिलं की सशाचे कान उघडून बघा. उत्तर लगेच आलं, एरवी ते महिना लावतात. कान ही शोभेची वस्तू असल्यामुळे तपासणीच्या कक्षेत येत नाहीत, शिवाय पार्किंगवरील व्यक्तीला तांत्रिक तक्रार करता येत नाही. मी तरुण इंजिनियरला गाठलं. तो म्हणाला, आजी गाते म्हणून ससा वळतो असं मी लिहून दिलं तर मलाच तपासायला नेतील. त्याचंही खरं आहे. क्लिप उघडणाऱ्या बाईचं कोण ऐकणार.

मला सल्ला द्यायचा अधिकार नाही, तरी देते. तुम्ही त्या दिवशी घरी थांबलात तर ससा पडेल. पण मग सर म्हणतील आजी आजारी होत्या, नशीब, आणि पुढच्या वर्षी दुसरी आजी शोधतील. तुम्ही जाऊन गायलात तर भिंगरी शिबिराला जाईल, आणि लबाडी पचते हे चौदाव्या वर्षी शिकून येईल. ती बाद झाली तर तिचं वर्ष जाईल. मला तिचं वर्ष गेलेलं चालेल. पण रात्री रडताना तिचं तोंड मला बघावं लागत नाही, तुम्हाला बघावं लागतं, म्हणून ठरवायचं तुम्ही.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे खरं वजन कपाटात कुलपात ठेवायचे आणि बाकीची वजनं त्याच्यापुढे आणून तपासायचे. एकदा एका दुकानदारानं तसलंच खरं वजन मिळवून त्याच्या आधारानं सगळी खोटी वजनं पाडून घेतली होती. दुकानदाराला दंड झाला. वजन आम्ही परत कपाटात ठेवलं, कारण त्यात काही खोट नव्हती. तुमचा सूर रोज तोच लागतो, म्हणून तर त्यावर यंत्र चालू शकलं. माझ्या गाण्यावर सरांनी ससा बांधला असता तर तो पहिल्या दिवशीच खाली पडला असता.

तुमची विहीण

२ मार्च

प्रिय विहीणबाई,

तुम्ही पार्किंगमध्ये होता, आतलं तुम्हाला इकडून तिकडून कळलं असेल, आणि लोक काहीही सांगतात. म्हणून मी लिहिते.

मी गेले. ठेवणीतले कपडे घातले आणि सरांनी दाखवलेल्या खुर्चीवर जाऊन बसले. सरांनी खालूनच हात जोडले. सभागृह भरलं होतं. पंचांनी लाल डबा पार कोपऱ्यात ठेवला, भिंगरीनं बटण दाबलं आणि हाताची घडी घातली. तुमची क्लिप तिच्या केसांत होती. ससा निघाला. लाल डब्यासमोर आला तसे सर माझ्याकडे बघायला लागले, संघातली चारही मुलं माझ्याकडे बघायला लागली. चारही. तेव्हा मला कळलं की भिंगरीला ठाऊक होतं.

मी गायले. मुद्दाम खाली गायले. आयुष्यभर विद्यार्थिनींच्या गळ्यातून जो सूर मी उपटून काढला, तो मी भर सभागृहात लावला आणि धरून ठेवला. ससा सरळ गेला आणि खाली पडला. त्याचा एक कान निखळला.

मग तो माइकवाला निवेदक, त्याला काहीतरी बोलायचं असतंच, तो म्हणाला की आज आजींचा सूर घसरला आणि पाठोपाठ ससाही घसरला, वयाचा मान राखून आजींसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या. लोक हसले. टाळ्याही वाजल्या. माझ्या मुलानंसुद्धा मान खाली घातली, त्याला वाटलं आईचं आता खरंच वय झालं. मी खुर्चीचा दांडा धरून ते सगळं ऐकून घेतलं. सर जिना चढून आले आणि माझ्या कानात म्हणाले, हरकत नाही आजी, अजून एक संधी आहे, गुळण्या करून घ्या.

इकडे खाली भिंगरीनं ससा उचलला होता. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग ती सरळ निवेदकाकडे गेली आणि त्याच्या हातातून माइक घेतला. मागितला नाही, घेतला. हे वळण आमच्याकडचं नाही, तुमच्याकडचं आहे.

ती म्हणाली, “माझी आजी बेसूर गात नाही. ती आज मुद्दाम खाली गायली. आमचा ससा रंग ओळखत नाही, आजीच्या सुरावर वळतो. आजीला आम्ही हे सांगितलं नव्हतं.”

आणि तिनं निखळलेला कान उलटा करून पंचांच्या टेबलावर ठेवला. आतून वायर लोंबत होती.

सर घाईघाईनं खाली उतरले. हसत हसत सांगायला लागले की मुलीचं वय असं आहे, हरल्याचं मनाला लागलंय, कल्पनाशक्ती दांडगी आहे. अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि पुरावा काय म्हणून विचारलं. तुमचा तो इंजिनियर म्हणाला, कान शोभेचे आहेत. भिंगरीनं तुटका कान सशाला पुन्हा जोडला, त्याला टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि वर बघून म्हणाली, “आजी, खरा लाव.”

मी उभी राहिले आणि सा लावला.

ससा वळला. अध्यक्ष म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा लावला, तो पुन्हा वळला. तिसऱ्यांदा कुणी म्हणालं नव्हतं. पण एवढं भरलेलं, एवढं गप्प सभागृह मला परत कुठं मिळणार होतं, म्हणून तिसऱ्यांदा मी माझ्या मनानं लावला, आणि लांबवला. माझ्या मुलानं मान वर केली होती. तुमची लेक रडत होती. मीटिंगमध्ये आवाज जातो म्हणणारी.

संघ बाद झाला. एक वर्ष बंदी. घरी आल्यावर भिंगरीनं बॅग रिकामी केली आणि पोटभर रडली. मी तिला गप्प केलं नाही. मग ती माझ्या खोलीच्या दारात येऊन बसली. म्हणाली, लाल रंग ओळखायचा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला होता, तो कधी बरोबर यायचा, कधी चुकायचा. सरांना चुकणारं काही नको होतं, म्हणून त्यांनी तो काढून हे घातलं. ती नको म्हणायला गेली नाही, याचं तिला वाईट वाटतंय. मी तिला म्हटलं, मग परत लिही, चुकला तर चुकू दे. ती म्हणाली, तू आत गात बस, मी इथंच बसून लिहिते.

दार उघडंच आहे.

तुमची विहीण

५ मार्च

विहीणबाईंना नमस्कार,

बंदी योग्य आहे. भिंगरीला सांगा, हे तिची आजी म्हणून नाही, तपासनीस म्हणून लिहिलं आहे. आजी म्हणून काय वाटतं ते लिहायला मला जमत नाही. तिला बघितलं की सांगेन.

समितीची बैठक झाली. दोन गोष्टी ठरल्या. पुढच्या वर्षीच्या नियमांत एक नवीन कलम घातलं आहे, की प्रेक्षकांत बसलेल्या आजींनी खेळ चालू असताना गाऊ नये. आजोबांना मुभा आहे. कान शोभेचेच राहिले, कारण लहान मुलांना आवडतात. आणि रोबॉटसरांना समितीनं नियमांचे सल्लागार म्हणून घेतलं आहे. पळवाटा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत नाहीत, असं अध्यक्ष म्हणाले. मी तिथंच राजीनामा लिहून दिला. पार्किंगचाही.

तेव्हा आता स्पर्धा संपली, मी समितीतही नाही आणि तोंडी बोलायला मोकळी आहे. मी जे लिहिलं होतं ते चुकलं नाही, त्यामुळे ठरल्याप्रमाणे तुमचं गाणं ऐकायला मी बांधलेली नाही. तरी रविवारी येते. सकाळी येते, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत होईल. या खेपेला संपलं की मला सांगा.

आणि एक विचारायचं होतं. मी त्या दिवशी पार्किंगमध्ये उभी होते, भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला. आधी एकदा, मग थोड्या वेळानं तीनदा. गाड्या लावणारी माणसं थांबून ऐकत होती. मीही थांबले, मला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही. तर त्यातला बेसूर कोणता होता? मला चारही सारखेच वाटले.

तुमची,
तराजूबाई